आधी बारगीर, मग शिलेदार

पत्र : डॉक्टरसाहेब, नमस्कार. मी उदगीर तालुक्यातला. वय 46, वजन 92 किलो. माझं कृषी सेवा केंद्र आहे, म्हणजे सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत खुर्चीवर. मागच्या दिवाळीत शुगर निघाली, गोळी चालू आहे. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा. बायपासवर चालायला जाऊन पाहिलं, आठवड्यात कंटाळलो, कुत्री मागं लागतात ते वेगळंच. जिमचे महिन्याचे पैसे भरले आणि चार दिवस गेलो. आमच्या आजोबांकडं घोडी होती. सत्तरीतही ते काठीसारखे ताठ होते. म्हणून मनात आलं की आपणही घोडं घ्यावं आणि रोज सकाळी शेतापर्यंत रपेट मारावी. यंदा माळेगावच्या यात्रेत बघायचं ठरवलंय. बायकोला सांगितलं तर म्हणते, "व्यायाम घोड्याचा होईल, तुमचा कसा काय?" घरात सगळे हसले. घोड्यावर बसून खरंच व्यायाम होतो का? वजन आणि शुगर उतरेल का? आणि घोडं घेताना काय बघावं?
— एक वाचक

उत्तर : नमस्कार. तुमच्या पत्रातलं सगळ्यात शहाणं वाक्य वहिनींचं आहे. ते निम्मं खरं आहे. कुठलं निम्मं, ते कळलं की तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं सुटतील.

आधी एक सांगून टाकतो. मी जनावरांचा डॉक्टर, माणसांचा नाही. तीसेक वर्षं हिंगोली, परभणी, लातूर या पट्ट्यातल्या दवाखान्यांत बैल, म्हशी, शेळ्या आणि अधूनमधून घोडी तपासली. घोड्यावर बसायला शिकलो ते अडतिसाव्या वर्षी, वजन तेव्हा 79. त्यामुळे तुमच्या हौसेला हसणार नाही. पण तुमच्या घोड्याच्या बाजूनंही मला बोलावं लागेल, कारण ते पत्र लिहू शकत नाही.

व्यायामाचं मोजमाप करणाऱ्यांकडं एक माप असतं, त्याला एमईटी म्हणतात. गप बसलेल्या माणसाला जेवढी ऊर्जा लागते ती एक पट धरायची आणि मग अमुक काम त्याच्या किती पट, ते बघायचं. असे आकडे गोळा करून ठेवलेली एक मोठी यादी जगभर वापरतात. तिच्या 2011 च्या आवृत्तीत घोडा नुसता चालत असेल तर स्वाराची मेहनत 3.8 पट धरली आहे. घोडा दुडकी चालीत असेल, ज्याला रायडिंग शिकवणारे ट्रॉट म्हणतात, तर 5.8. कँटर, म्हणजे दुडकीच्या वरची धाव, किंवा भरधाव असेल तर 7.3. आता त्याच यादीत माणसाचं ताशी साडेपाच किलोमीटरनं भराभर चालणं बघा : 4.3.

म्हणजे सकाळच्या गार वाऱ्यात घोड्यावर बसून, घोड्याच्या पायांनी, रमतगमत शेतापर्यंत जाल तर बायपासवर पायी चालण्यापेक्षाही कमी व्यायाम होईल. इथं वहिनी जिंकल्या. पण घोडा दुडकीला लागला आणि तुम्हाला त्याच्याबरोबर उठता-बसता आलं, तर हिशेब तुमच्या बाजूनं फिरतो.

ही उठबस काय असते ते जरा सविस्तर सांगतो, कारण सगळी मख्खी तिथं आहे. दुडकीत घोड्याचे पाय तिरप्या जोडीनं पडतात. डावा पुढचा आणि उजवा मागचा एकदम, मग उजवा पुढचा आणि डावा मागचा एकदम. एक-दोन, एक-दोन. प्रत्येक ठोक्याला घोड्याची पाठ खालून धक्का देते. नवखा माणूस हे धक्के बुडावर झेलतो. खोगिरावर आपटत राहतो, दात वाजतात, पोटातला चहा घुसळून निघतो आणि घोड्याची पाठ दुखते ते निराळं. शिकलेला स्वार एका ठोक्याला रिकिबीवर, म्हणजे पाय ठेवायच्या कडीवर, भार देऊन कंबर पुढं उचलतो आणि पुढच्या ठोक्याला अलगद बसतो. मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा. दहा मिनिटं दुडकी म्हणजे सातशेच्या वर अर्ध्या बैठका, आणि त्याही हलत्या जमिनीवर, टाच खाली दाबून, हातातला लगाम न हलवता. पहिल्यांदा मला सलग दोन मिनिटं जमलं, तेव्हा शर्ट पिळून काढावा इतका घाम आला होता आणि घोडा मात्र कान हलवत गवताकडं बघत होता.

दुसऱ्या दिवशी कळलं की मांडीच्या आतल्या अंगालाही स्नायू असतात. एरवी त्यांचा पत्ता नसतो. चालताना, जिना चढताना त्यांना फारसं काम नाही. घोड्यावर मात्र पाय दोन्हीकडं सोडून, गुडघे न आवळता, नुसत्या वजनानं बसायचं असतं, आपले लोक त्याला मांड म्हणतात. मांड पक्की व्हायला या आतल्या स्नायूंबरोबर पोट, कंबर आणि पाठीचा कणा धरून ठेवणारे लांब स्नायू सारखे जागे राहावे लागतात. दिसायला माणूस स्वस्थ बसलेला असतो, आत मात्र क्षणाक्षणाला तोल सावरणं चालू असतं. आजोबा ताठ होते त्यात घोडीचा वाटा नक्की असेल. पण घोडीवरून उतरल्यावर ते खुर्चीत बसत नव्हते, औताला लागत होते, हेही विसरू नका.

नुसत्या चालीत काहीच होत नाही, असंही नाही. घोडा चालतो तेव्हा स्वाराची कंबर पुढं-मागं, डावी-उजवीकडं आणि थोडी फिरत अशी हलते. आपण स्वतः चालताना ती जशी हलते, जवळजवळ तशीच. म्हणून पायांत बळ नसलेल्या माणसांच्या उपचारातही घोड्याचा वापर करतात. डेन्मार्कच्या लिस हार्टेल या बाईंना 1944 मध्ये पोलिओ झाला आणि गुडघ्याखाली पायांत ताकद राहिली नाही. त्यांना घोड्यावर चढवावं लागे, उतरवावं लागे. त्याच बाईंनी 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली नेमकेपणानं करून घ्यायच्या, या प्रकारात रौप्यपदक जिंकलं, पुरुषांच्या बरोबरीनं उतरून. या खेळात स्त्री-पुरुष एकाच स्पर्धेत असतात. तेव्हा कंबर आणि पाठ यांना चालीतही काम मिळतं. दम लागणं, चरबी जळणं हे मात्र चालीत फारसं नाही. तुम्हाला हवं आहे ते दुसरं.

आता वजन. तुमच्या मनातला प्रश्न आहे की घोड्यानं माझं वजन उतरेल का. घोडा विचारेल की हे वजन माझ्यावर कशाला? स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या पुढं जाऊ नये, असं आम्ही सांगतो. त्याच्यावर गेलं की पाठीचे स्नायू आखडतात, श्वास चढतो. तुम्ही 92, खोगीर साधारण 8, झाले 100. म्हणजे तुम्हाला पाचशे किलोचा घोडा पाहिजे. आपल्याकडच्या यात्रांत येणारी मारवाडी, काठेवाडी घोडी बहुतेक साडेतीनशे-चारशेच्या आसपास भरतात, आणि गावठी तट्टू त्याच्या कितीतरी खाली. चारशेच्या घोड्याचा पाचवा हिस्सा 80, त्यातून खोगीर वजा केलं की स्वाराला उरले 72. सामान वाहणाऱ्या जनावरांसाठी आपल्या देशात 1965 पासून नियम आहेत. त्यात तट्टाच्या पाठीवर 70 किलोच्या वर ओझं लादायला मनाई आहे. तुम्ही ओझं नाही, हे मान्य. पण पाठीला ते कसं कळणार?

तेव्हा तुमचा क्रम उलटा करा. वजन उतरवायला घोडा नको, घोड्यावर बसायला म्हणून वजन उतरवा. हे ऐकून हिरमोड होईल, पण मला यात तुमचा फायदाच दिसतो. चालायला जाताना तुम्हाला कंटाळा आला, कारण चालून कुठं पोचायचं ते ठरलेलं नव्हतं. आता ठरवा : 80-82 किलो. त्या वजनाला साडेचारशे किलोचा धडधाकट घोडा तुम्हाला चालीत आणि थोड्या दुडकीत आरामात पेलेल, आणि रायडिंग शिकवणाऱ्यांकडं एवढे मोठे घोडे असतात. तीन-चार महिने द्या, जास्त लागले तर जास्त द्या. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम मेहनत सांगते. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा अर्धा तास. बायपास सोडा, शेताची पांदण धरा. हातात काठी असू द्या. कुत्र्यांसाठी ती पुरते.

त्याच्या जोडीला घरी रोज तीन गोष्टी करा. खुर्चीवर टेकून लगेच उठायचं, हाताचा आधार न घेता, दहा-दहाच्या दोन पाळ्या. एका पायावर उभं राहायचं, दात घासताना केलं तरी चालेल. अर्धं मिनिट तोल राहिला की दुसरा पाय. आणि तिसरी परीक्षा मोटारसायकलची. स्टँडवर लावलेल्या गाडीवर डाव्या बाजूनं, हँडलला लोंबकळल्याशिवाय, टांग टाकून बसता येतं का बघा. घोड्यावरही डावीकडूनच चढतात आणि घोड्याची पाठ सीटपेक्षा बरीच उंच असते. गाडीवर टांग अडकत असेल तर घोड्यावर तुम्हाला दोन माणसं ढकलतील, व्हिडिओ निघेल आणि तो सोयऱ्याधायऱ्यांच्या ग्रुपवर फिरेल. चढताना ओटा किंवा स्टूल वापरायला मात्र लाजू नका. रिकिबीला लटकून चढलं की खोगीर एका बाजूला ओढलं जातं आणि घोड्याचा कणा पिळला जातो. जाणकार स्वार ओटाच शोधतो.

या मधल्या काळात घोड्यापासून लांब राहा असं मी म्हणत नाही. जवळपास कुणाकडं घोडी असेल तर रविवारी सकाळी जा आणि खरारा, म्हणजे घोड्याचं अंग घासून साफ करणं, करायला मागा. मालक आनंदानं देईल. मानेपासून सुरुवात करायची, गोल गोल फिरवत खांद्यावर, मग पाठ, पोटाखाली हलक्या हातानं, पायाला मऊ ब्रश. एक अंग झालं की दुसरं. मग चारही खुर उचलून आतली माती, खडे काढायचे. अर्ध्या तासात दंड भरून येतात. गंमत म्हणजे मी वर सांगितलेल्या यादीत घोड्याची साफसफाई, खरारा या कामांना चारच्या पुढं आकडा दिलेला आहे, म्हणजे चालत्या घोड्यावर बसण्यापेक्षा जास्त. आणि घोड्याची ओळख होते ती इथं. कान मागं टाकले की काय, शेपूट आवळली की काय, कुठं हात लावला की कातडी थरथरते, हे खोगिरावर बसून कळत नाही.

आता तुमच्या डॉक्टरांना विचारायच्या गोष्टी. मांडी-कमरेचे मोठे स्नायू कामाला लागले की ते रक्तातली साखर खेचतात, त्या अर्थानं शुगरला हा व्यायाम चांगलाच. पण काही गोळ्यांवर असताना मेहनतीनं साखर एकदम खालीही जाते. जमिनीवर चक्कर आली तर माणूस मटकन खाली बसतो, घोड्यावर आली तर पडतो. तुमची गोळी तशी आहे का ते विचारून घ्या आणि खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा. दुसरं, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर रिकिबीत पाय कुठं आहे ते कळत नाही, त्यामुळं तोही तपासून घ्या. तिसरं, डोळ्यांचा पडदा. शुगरनं पडद्यावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या वाढल्या असतील तर धक्क्यांचा व्यायाम चालत नाही. कमरेची गादी सरकलेली असेल, रक्त पातळ करायची गोळी असेल, तर आधी सांगा. हे सगळं ठीक निघालं तर पुढं चला.

घोड्यावरून पडणं हा प्रकार लोक हसण्यावारी नेतात. मीही नेत होतो. शिकायला लागून दोन महिने झाले होते, जरा ऐट आली होती. एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या घोडीवर मीच खोगीर घातलं, मीच तंग ओढला. तंग म्हणजे खोगीर पोटाखालून आवळायचा पट्टा. मला अनुभवी माणसांनी सांगितलं होतं की काही घोडी तंग ओढताना पोट फुगवून धरतात, चार पावलं चालली की श्वास सोडतात आणि तंग बोटभर ढिला पडतो, म्हणून दहा पावलं चालवून पुन्हा आवळायचा. ऐकलं होतं, केलं नाही. बांधावरून वळताना घोडी थोडी बुजली, मी उजवीकडं कललो आणि खोगीर माझ्यासकट तिच्या पोटाकडं फिरलं. पडलो तो तुरीच्या धसकटात. तूर कापल्यावर ती बोटभर जाडीची टोकदार खुंटं राहतात, तुम्ही बी-बियाण्याच्या धंद्यात आहात, तुम्हाला काय सांगायचं. घोडी दोन पावलांवर उभी राहिली आणि माझ्याकडं बघू लागली. डोक्यावर टोपी होती, ती कापडाची. धसकट कानाच्या मागं चाटून गेलं. त्या दिवसापासून रायडिंगचं हेल्मेट घातल्याशिवाय मी रिकिबीत पाय घातलेला नाही. मोटारसायकलचं हेल्मेट यासाठी नको, ते जड असतं आणि मानेला ओढतं.

बूट बोटभर टाचेचा आणि सपाट तळव्याचा पाहिजे. चप्पल तर नाहीच, खोल खाचांचे स्पोर्ट शूजही नकोत, ते रिकिबीत अडकतात. पडलेल्या माणसाला घोडा सोडून जातो, पण पाय अडकलेल्या माणसाला तो ओढत नेतो.

आता घोडं विकत घेण्याचं. शिवकाळात घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. सरकारी पागेतला घोडा मिळायचा तो बारगीर, आणि स्वतःचा घोडा घेऊन यायचा तो शिलेदार. तुम्ही एकदम शिलेदार व्हायला निघालात. मी म्हणतो, किमान एक वर्ष बारगीर राहा. दुसऱ्याच्या घोड्यावर, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली, आठवड्यातून दोनदा, आणि बाकीचे दिवस चालणं चालूच. पागेत 25 बारगीरांवर एक हवालदार असे आणि दर 25 घोड्यांमागे पाणी पुरवायला एक पखालजी आणि नाल ठोकायला एक नालबंद. तुमच्याकडं पखालजी तुम्हीच, घोड्याची निगा राखणारा मोतद्दार तुम्हीच, आणि नालबंद शोधायला दर सहा-आठ आठवड्यांनी तालुकाभर फोन लावणार तेही तुम्हीच.

चारशे किलोच्या घोड्याला दिवसाला सहा ते आठ किलो कोरडी वैरण लागते, कामाप्रमाणे चंदी, म्हणजे दाणा, वेगळी, आणि पाणी पंचवीस-तीस लिटर, उन्हाळ्यात आणखी वर. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेला जिल्हा आहे आपला, पाण्याचा हिशेब मांडूनच जनावर दावणीला बांधावं. म्हशीची सवय असलेल्या माणसाला वाटतं, वैरण टाकली की झालं. घोड्याचं तसं नाही. त्याला उलटी करता येत नाही. वाईट काही पोटात गेलं तर ते खालूनच जायला हवं, नाहीतर पोटशूळ, आणि पोटशुळानं घोडा एका रात्रीत जातो. आणखी एक दुखणं आहे. भरपूर चंदी खाऊन दोन दिवस नुसता बांधून ठेवलेला घोडा तिसऱ्या दिवशी एकदम कामाला काढला की त्याचे मागचे स्नायू लाकडासारखे कडक होतात, लघवी काळपट येते, त्याला पाऊल उचलवत नाही. खत-बियाण्याच्या हंगामात, जून-जुलैत, तुम्हाला दुकानातून मान वर करायला फुरसत नसणार. घोडा तेव्हाही उभा असणार आणि त्याला रोज फिरवावं लागणार. जिमचे पैसे भरून चार दिवस गेलात, ते पैसे बुडाले. जिमला पोट नव्हतं.

शिकवणारा कसा ओळखायचा? आधी त्याचे घोडे बघा, मग त्याचं बोलणं ऐका. खोगीर काढल्यावर पाठीवर पांढरे केस किंवा जखमा आहेत का, कण्याच्या बाजूनं बोटं फिरवली तर घोडा पाठ खाली दाबतो का, तोंडाच्या कोपऱ्यात फाटलेलं आहे का. काटेरी लगाम दिसला तर तिथून परत फिरा. मघाशी सांगितलेल्या 1965 च्या नियमांत त्यालाही बंदी आहे. चांगला शिकवणारा तुमच्या हातात पहिल्या दिवशी लगाम देतच नाही. घोड्याला लांब दोरीवर गोल फिरवतो आणि तुम्हाला हात पसरून बसायला लावतो. तुमचं वजन तो विचारेल. न विचारणाऱ्याला घोड्याची काळजी नाही, मग तुमची काय असणार? वरातीच्या घोडीवर मात्र शिकू नका. डीजे लागला की जागच्या जागी नाचायचं तिला शिकवलेलं असतं, आणि कधी कुठल्या वाटेवर तिला तो डीजे आठवेल सांगता येत नाही.

माळेगावला जाऊ नका असं नाही, जरूर जा. लोहा तालुक्यात मार्गशीर्षात खंडोबाची ही यात्रा भरते. देवच घोड्यावर बसलेला, त्यामुळे घोडे बघायला तिच्यासारखी जागा आपल्या मराठवाड्यात नाही. गाढवं, उंटही असतात. पण यंदा बघायला जा, पैसे घरी ठेवून. विकणारे तुम्हाला रवाल दाखवतील. त्या चालीत घोडा असा तरंगत जातो की स्वाराच्या हातातला पाण्याचा पेला हिंदकळू नये. बघायला देखणी आणि बसायला मऊ चाल, लोक तिच्यासाठी जादा मोजतात. तुमच्या कामाची नाही. तुम्हाला उठबस पाहिजे, आणि रवालीत धक्का नसतो म्हणून उठबसही नसते. मऊ चालीसाठी जादा पैसे द्यायचे आणि व्यायाम कमी करायचा, असा तो सौदा होईल.

पुढच्या वर्षी खरोखर घ्यायचं झालं, तर पहाटे जा, विकणाऱ्यानं घोडा फिरवून गरम करायच्या आत. काही लंगडेपण पाय मोकळे झाल्यावर झाकलं जातं. घट्ट जमिनीवर सरळ लांब चालवत न्यायला सांगा, आणि परत आणायला सांगा. मागून बघताना दोन्ही पुठ्ठे सारखे वरखाली होतात का, पुढून बघताना डोकं एका पावलाला जास्त उचलतो का. पशुवैद्य आपल्या ओळखीचा न्या, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको. ग्लँडर्स या रोगाची रक्ततपासणी झाल्याचा कागद मागा. तो घोड्याकडून माणसाला होणारा रोग आहे, आणि लागण निघाली तर घोडा मारावा लागतो.

मूळ बेत होता शेतापर्यंत रोज रपेट. पुढं तो जमला तर एवढं सांभाळा : डांबरी सडकेवर दुडकी नको, घोड्याचे सांधे जातात. मुरमाड पांदण सगळ्यात उत्तम. पावसाळ्यात काळ्या रानात चिखल खुराला गोळ्यानं चिकटतो आणि घोडा घसरतो, तेव्हा घोडा हातात धरून पायी चाला. एप्रिल-मे महिन्यात उन्हं वर यायच्या आत, सातपर्यंत, परत फिरा. आणि शेणा-मातीत, खुरांत हात घालायचा म्हटल्यावर धनुर्वाताचं इंजेक्शन लांबवू नका.

राहिल्या वहिनी. त्यांचं वजन तुम्ही लिहिलेलं नाही आणि विचारायची माझी छाती नाही. पण सत्तरच्या आत असतील तर पहिल्या दिवशी शिकायला त्यांनाही घेऊन जा आणि हेल्मेट घालून आधी त्यांनाच बसवा. घोडा चालीत असताना त्यांची मेहनत होईल 3.8. पुढं लगाम धरून भराभर चालायचं काम तुम्ही मागून घ्या, तुमची होईल 4.3.